नाशिकचा वीस अंशांचा कोन: त्रिकोणमितीत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ नेमकं २० अंशांवर आहे. दहावीच्या पुस्तकातल्या कोष्टकात ०, ३०, ४५, ६० आणि ९० हे पाच कोन असतात, २० त्यात नसतो. नवख्या माणसानं सुरुवात याच कोनापासून करावी असं माझं ठाम मत आहे. इथे पाठांतर कामाला येत नाही. किंमत आधी गच्चीवर मोजावी लागते, मग आलेख कागदावर, आणि शेवटी श्रेढी मांडून हवी तितकी बारीक काढता येते. या एका कोनाचा पिच्छा पुरवला की गुणोत्तरं, फलनं (फंक्शन) आणि अनंत श्रेढी, म्हणजे न संपणाऱ्या बेरजा, वाटेत आपोआप भेटतात.

पायथागोरसचं प्रमेय आणि काटकोन त्रिकोण एवढं आठवत असलं तरी पुरे. सामान म्हणून एक मीटर लांबीची सरळ काठी किंवा पाइप, ओळंबा, दोरा, मोजपट्टी, कंपासपेटी, आलेख कागद आणि कॅल्क्युलेटर घ्या.

पहिली पायरी: काठी आणि सावली

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. आपण तिथून २० अंश उत्तरेला, म्हणून त्या दिवशी भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरच्या बिंदूपासून २० अंश दक्षिणेला कललेला दिसतो. गच्चीवर काठी ओळंब्यानं सरळ उभी करा आणि सर्वांत आखूड सावली मोजा. घड्याळात बारा वाजले म्हणून मोजायला जाऊ नका. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि नाशिक ७३.८ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे आपली खरी मध्यान्ह साडेबाराच्या आसपास येते. मार्चमध्ये तर पावणेएकच्या जवळ. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करत राहा, सर्वांत जवळची खूण घ्या.

सावली ३६.४ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. काठीचं टोक आणि सावलीचं टोक दोऱ्यानं जोडून तो मोजलात तर १०६.४ सेंटिमीटर. हाच तुमचा काटकोन त्रिकोण. काठीच्या वरच्या टोकाशी २० अंशांचा कोन आहे, काठी ही त्याची लगतची बाजू, सावली ही संमुख बाजू आणि दोरा हा कर्ण. आता भागाकार करा:

साइन २० अंश = ३६.४ ÷ १०६.४ = ०.३४२
कोसाइन २० अंश = १०० ÷ १०६.४ = ०.९४०
टॅन २० अंश = ३६.४ ÷ १०० = ०.३६४

दोन मीटरची काठी घेतली तर सावलीही दुप्पट होते, भागाकार तेच राहतात. गुणोत्तर फक्त कोनावर ठरतं, हे एकदा हातानं मोजून पाहिलेलं माणूस विसरत नाही. त्या दिवसांत सूर्य रोज सुमारे ०.४ अंश सरकतो, म्हणून तारीख एका दिवसानं चुकली तर सावलीत पाऊण सेंटिमीटरचा फरक पडेल. त्यानं घाबरून जाऊ नका.

मार्चपर्यंत थांबायचं नसेल तर २२ डिसेंबरला मोजा. तेव्हा सूर्य विषुववृत्ताच्या २३.४४ अंश दक्षिणेला असतो, म्हणजे आपल्याकडे कोन ४३.४४ अंशांचा आणि सावली जवळजवळ ९५ सेंटिमीटर. नाशिकचं थंडीतलं आकाश या कामासाठी फार चांगलं. मे महिन्याच्या २०-२१ तारखेला आणि जुलैच्या २३ तारखेच्या आसपास मध्यान्ही सावली पायाखाली येते, तोच शून्य सावलीचा दिवस. त्या दिवशी टॅन शून्य.

दुसरी पायरी: त्रिकोण सोडा, वर्तुळ धरा

बहुतेकांची गाडी इथेच अडते. दहावीपर्यंत साइन म्हणजे दोन बाजूंचं गुणोत्तर. अकरावीत अचानक साइन २०० अंश विचारतात आणि काटकोन त्रिकोणात २०० अंशांचा कोन कुठून आणायचा हे कुणी सांगत नाही. मग विद्यार्थी चिन्हांचं कोष्टक घोकतो. घोकण्याची गरज नाही, व्याख्या बदलायची गरज आहे.

आलेख कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. केंद्रातून उजवीकडे जाणारी रेषा म्हणजे शून्य अंश. तिथून घड्याळाच्या उलट दिशेनं २० अंश मोजून परिघावर बिंदू ठेवा. त्या बिंदूची आडव्या अक्षापासूनची उंची ३.४ सेंटिमीटर भरेल, आणि उभ्या अक्षापासूनचं अंतर ९.४. त्रिज्येला १ मानलं तर उंची ०.३४ आणि आडवं अंतर ०.९४. यापुढे साइन म्हणजे परिघावरच्या बिंदूची उंची, कोसाइन म्हणजे त्याचं आडवं अंतर. बिंदू कितीही फिरवा, उंची असतेच.

आता १६० अंशांवर बिंदू ठेवा. उंची तीच ३.४, बिंदू मात्र डावीकडे गेला, म्हणून कोसाइन ऋण. २०० अंशांवर तो आडव्या रेषेच्या खाली जातो, म्हणून साइन वजा ०.३४२. ३४० अंशांवर साइन तेवढंच ऋण, कोसाइन पुन्हा धन. ३८० अंशांवर आपण परत २० अंशांच्या जागी. हे चार बिंदू स्वतः काढलेत की चारही चरणांतली चिन्हं कागदावरच वाचता येतात. उंचीचा वर्ग आणि आडव्या अंतराचा वर्ग यांची बेरीज नेहमी १ का, तेही इथेच दिसतं: तो पायथागोरसच आहे, कर्ण म्हणजे त्रिज्या. ०.११७ आणि ०.८८३ मिळवून पाहा.

टॅन म्हणजे उंची भागिले आडवं अंतर. ९० अंशांवर आडवं अंतर शून्य होतं आणि भागाकार करता येत नाही. सूर्य क्षितिजाला टेकत असताना काठीची सावली गच्चीत मावेनाशी होते, ते याच कारणानं.

तिसरी पायरी: रेडियन

या पायरीवर घाई करू नका. पुढची सगळी श्रेढी हिच्यावर उभी आहे.

त्याच वर्तुळावर ० ते २० अंशांच्या कंसावर दोरा बसवा आणि मोजा. लांबी ३.४९ सेंटिमीटर. म्हणजे त्रिज्या १ धरली तर ०.३४९. हेच २० अंशांचं रेडियनमधलं माप: कंसाची लांबी भागिले त्रिज्या. पूर्ण फेरा दोन पाय (π, म्हणजे ३.१४१५९) रेडियनचा, अर्धा फेरा एका पायचा, म्हणून अंशांना पायनं गुणून १८० नं भागायचं.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. कंस ०.३४९, उंची ०.३४२. दोन्ही जवळजवळ सारखे! कोन आणखी लहान केलात तर फरक दिसेनासा होतो. कोन रेडियनमध्ये मोजला तरच ही जवळीक मिळते.

आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये दिलेली सारणी याच पायावर आहे. त्यानं परीघ २१,६०० कला, म्हणजे ३६० अंश गुणिले ६०, आणि त्रिज्या ३,४३८ धरली. २१,६०० ला दोन पायनं भागून पाहा, ३,४३७.७५ येतात. एका रेडियनमध्ये तेवढ्याच कला असतात. सारणीतला पहिला कोन ३ अंश ४५ कला, म्हणजे २२५ कला, आणि त्याची 'ज्या', म्हणजे ३,४३८ त्रिज्येच्या वर्तुळावरची उंची, २२५. लहान कोनाला कंस आणि उंची सारखीच, हे तिथे स्पष्ट दिसतं. पाचव्या कोनाची, १८ अंश ४५ कलांची, ज्या ११०५ आणि सहाव्याची, २२ अंश ३० कलांची, १३१५. आपले २० अंश या दोहोंच्या मधे, एकतृतीयांश वाटेवर आहेत. म्हणून ११०५ अधिक २१० चा तिसरा हिस्सा, ११७५. ३,४३८ नं भागा: ०.३४१८. तुमच्या गच्चीवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

कॅल्क्युलेटरबद्दल एक सावधगिरी. तो डिग्री मोडवर आहे की रेडियनवर, हे दर वेळी तपासा. रेडियनवर ठेवून साइन २० विचारलंत तर ०.९१२९ येतं. परीक्षेत असा आकडा दिसला की आधी मोड बघावा.

चौथी पायरी: लाट

बिंदू फिरतो आहे आणि त्याची उंची तुम्ही वेळेसमोर मांडत आहात असं धरा. आलेखावर लाट उमटते. लाटेविषयी तीन गोष्टी विचारायच्या: ती मधल्या रेषेपासून किती वर-खाली जाते, एक फेरा किती वेळात पुरा होतो आणि ती सुरू कुठून होते.

नाशिकच्या दिवसाची लांबी हे यासाठी उत्तम उदाहरण. भूमितीनं काढलं तर आपला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १३ मिनिटांचा आणि सर्वांत लहान १० तास ४७ मिनिटांचा. मधली रेषा १२ तास, चढउतार ७३ मिनिटांचा, फेरा ३६५ दिवसांचा, सुरुवात २१ मार्चला. म्हणून:

दिवसाची लांबी = १२ तास + ७३ मिनिटं × साइन (३६० × दिवस ÷ ३६५)

१ मे हा २१ मार्चनंतरचा ४१ वा दिवस. कोन ४०.४ अंश, साइन ०.६४८, म्हणून १२ तास ४७ मिनिटं. पंचांगातल्या किंवा वर्तमानपत्रातल्या सूर्योदय-सूर्यास्ताशी पडताळा. तिथला दिवस साधारण पाच-सहा मिनिटांनी मोठा निघेल. हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि सूर्योदय बिंबाची वरची कड दिसताच मोजतात, यामुळे सात-आठ मिनिटं वाढतात. शिवाय दिवसाची खरी लांबी तंतोतंत साइन लाट नाही, त्यामुळे आपल्या सूत्रात दोनेक मिनिटांची चूक राहते. ती कशी भरून काढायची ते सातव्या पायरीवर कळेल.

पाचवी पायरी: एकच सूत्र नीट शिका

सूत्रांची यादी लांबलचक असते. त्यातलं एक पक्कं करा, बाकीची त्यातून काढा:

साइन (अ + ब) = साइन अ × कोसाइन ब + कोसाइन अ × साइन ब

हा नियम भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दिला आहे. त्यांच्या नातवानं मठाला मिळवून दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात सापडला, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात.

अ आणि ब सारखे धरले की दुप्पट कोनाचं सूत्र मिळतं. आणखी एकदा वापरलं की तिप्पट कोनाचं: साइनच्या तिपटीतून त्याच्या घनाची चौपट वजा करायची. २० ची तिप्पट ६०, आणि ६० चं साइन कोष्टकात आहे, ०.८६६. म्हणजे आपला आकडा या घन समीकरणाचं उत्तर. ०.३४२ घालून पाहा, बसतो. पण पट्टी-कंपासनं किंवा नुसत्या वर्गमुळांनी हे समीकरण सुटत नाही. ६० अंशांचा कोन पट्टी-कंपासनं तीन समान भागांत विभागता येत नाही, हे फ्रेंच गणिती वान्त्सेल यानं १८३७ मध्ये सिद्ध केलं. २० अंश शाळेच्या कोष्टकात का नाहीत, याचं उत्तर इथे आहे. कोष्टकातले कोन हे सोपे अपवाद आहेत. उरलेल्या कोनांसाठी दुसरी वाट लागते.

सहावी पायरी: साइनची श्रेढी

ही वाट केरळातल्या संगमग्रामच्या माधव या गणितीनं चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढली. न्यूटन तिथे सुमारे तीनशे वर्षांनी पोचला. माधवाचे स्वतःचे बरेच ग्रंथ हाती नाहीत, शिष्यपरंपरेनं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं.

कोन रेडियनमध्ये घ्या, त्याला क्ष म्हणा.

साइन क्ष = क्ष − (क्षचा घन ÷ ६) + (क्षचा पाचवा घात ÷ १२०) − (क्षचा सातवा घात ÷ ५०४०) + …

६ म्हणजे १×२×३, १२० म्हणजे १ ते ५ चा गुणाकार, ५०४० म्हणजे १ ते ७ चा. घात विषम, चिन्हं आलटून पालटून. आता वहीत मांडा, फोन बाजूला ठेवा:

क्ष = ०.३४९०६६
घन ÷ ६ = ०.००७०८९, वजा केल्यावर ०.३४१९७७
पाचवा घात ÷ १२० = ०.००००४३, मिळवल्यावर ०.३४२०२०

तीन पदांत सहा दशांश स्थळं! गच्चीवर काठीनं जे तीन अंकांपर्यंत मिळालं, ते इथे गुणाकार-भागाकारानं हवं तितकं पुढे नेता येतं. पहिलं पद म्हणजे कंसाची लांबी, हेही लक्षात घ्या. उंची कंसापेक्षा किती कमी, ते पुढची पदं सांगतात.

कोसाइनची श्रेढी १ पासून सुरू होते आणि सम घात घेते: १ − (वर्ग ÷ २) + (चौथा घात ÷ २४) − … ती तुम्ही स्वतः करा. ०.९३९६९ यायला हवं. मग साइनला कोसाइननं भागा, ०.३६३९७ मिळेल, म्हणजे ३६.४ सेंटिमीटर सावली.

श्रेढी कोणत्याही कोनाला चालते, पण मोठ्या कोनाला पदं आधी फुगतात आणि मग ओसरतात. म्हणून २०० अंश आले तर दुसऱ्या पायरीवरचं वर्तुळ आठवा, २० वर आणा आणि चिन्ह बदला.

सातवी पायरी: लाटांची बेरीज

इथे नवखे दोन गोष्टींची गल्लत करतात. सहाव्या पायरीवर आपण एक साइन घेतलं आणि घातांत उलगडलं. आता उलटा प्रवास आहे: साइन लाटाच एकमेकींत मिळवून दुसरा आकार घडवायचा. त्रिकोणमितीय श्रेढी म्हणतात ती ही. उष्णता धातूतून कशी पसरते याचा अभ्यास करताना फ्रेंच गणिती फूरिये यानं ती वापरली आणि १८२२ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

घरासाठी इन्व्हर्टर घ्यायला गेलात की 'स्क्वेअर वेव्ह की साइन वेव्ह' असा प्रश्न येतो. चौकोनी लाट म्हणजे अर्धा फेरा +१, अर्धा फेरा −१, मधे सरळ उडी. तिची श्रेढी अशी:

(४ ÷ पाय) × [ साइन क्ष + (साइन ३क्ष ÷ ३) + (साइन ५क्ष ÷ ५) + … ]

वीज ५० हर्ट्झची असेल तर चौकोनी लाटेत १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लाटाही येतात. अशा इन्व्हर्टरवर पंखा घुमतो, त्याचं एक कारण हेच.

क्ष ९० अंश ठेवून बेरीज करा. एका पदाला १.२७३, दोन पदांना ०.८४९, तीनला १.१०३, चारला ०.९२२. बेरीज १ च्या वर-खाली होत हळूहळू जवळ येते. साइनच्या श्रेढीसारखी झटपट नाही, धीर धरावा लागतो. कंसातली बेरीज मात्र ओळखीची आहे: १ − १/३ + १/५ − १/७ + …, म्हणजे पायचा चौथा हिस्सा. तीही माधवाचीच.

उडीच्या लगत काय होतं ते आलेख काढून पाहा. जिओजेब्रा किंवा डेस्मॉस ही आलेख काढणारी ॲप मोफत आहेत, दहा-वीस पदं सहज मिळवता येतात. उडीपाशी लाट थोडी वर उसळते, उडीच्या उंचीच्या सुमारे ९ टक्के. पदं वाढवली की ती उसळी अरुंद होत जाते, पण तिची उंची तेवढीच राहते.

प्रत्येक लाटेला गुणणारे आकडे, म्हणजे सहगुणक, कुठून आले? आपल्या आकाराला साइन क्षनं गुणायचं, पूर्ण फेऱ्यावरची सरासरी काढायची आणि दुप्पट करायची. साइन ३क्षचा सहगुणक हवा तर साइन ३क्षनं गुणायचं. वेगवेगळ्या पटींच्या दोन साइन लाटांच्या गुणाकाराची सरासरी शून्य येते, त्यामुळे हवी तीच लाट शिल्लक राहते. पाचव्या पायरीवरच्या सूत्रातून हे सिद्ध करता येतं, जरूर करा. इंटिग्रेशन येत नसलं तरी अडत नाही. चौकोनी लाटेत चारही पाव फेऱ्यांचा वाटा सारखाच, म्हणून पहिल्या पाव फेऱ्यातली १५, ४५ आणि ७५ अंशांची साइन घ्या: ०.२५९, ०.७०७, ०.९६६. सरासरी ०.६४४, दुप्पट १.२८८. खरा आकडा १.२७३. दर दहा अंशांनी, म्हणजे ५, १५, २५ असं ८५ पर्यंत घेतलंत तर १.२७५ येतं. दिवसाच्या लांबीत राहिलेल्या मिनिटांचा हिशेबही असाच: वर्षभराचे आकडे घ्या आणि दुप्पट, तिप्पट वेगाच्या लाटांचे सहगुणक काढा.

आवाजाचा विषय निघाला तर तंबोरा घ्या. तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे असतात, म्हणून तिचा आवाज अशा श्रेढीत सरळ बसतो. आपल्या नाशिक ढोलाचं तसं नाही. आदर्श गोल पडद्याच्या वारंवारता १, १.५९, २.१४, २.३० अशा प्रमाणात येतात, पूर्ण पटींत येत नाहीत. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईमुळे ही प्रमाणं पूर्ण पटींजवळ येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं. ढोलासाठी वेगळी फलनं लागतात, त्यांच्याकडे नंतर वळा.

आधी त्रिकोणी लाट करा. ती सरळ रेषेत चढते, सरळ रेषेत उतरते, कुठे उडी नाही, म्हणून उसळीही नाही. तिच्या सहगुणकांत छेद वर्गांचे येतात: १, ९, २५, ४९. ९० अंशांवर बेरीज मांडलीत की १ + १/९ + १/२५ + १/४९ + … = पायचा वर्ग ÷ ८ मिळेल. आता सगळ्या संख्यांच्या वर्गांचे व्यस्त मिळवायचे असतील तर एवढंच पाहा: त्यातल्या सम संख्यांचा वाटा पूर्ण बेरजेचा चौथा हिस्सा असतो, म्हणून विषमांचा तीन चतुर्थांश. पायचा वर्ग ÷ ८ ला ४ नं गुणा, ३ नं भागा: पायचा वर्ग ÷ ६. १७३५ साली ऑयलरनं वेगळ्या वाटेनं काढलेलं उत्तर हेच.